चमच्यांवर लवंगेच्या तेलाचा एक हात

अन्नविषबाधा नावाचा शत्रू माझ्या हयातीत माझ्या आसपास फिरकू शकणार नाही, असे मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. नुसते सांगत नसे, तर सांगताना टेबलावर मूठही आपटत असे! आता मी मूठ आपटत नाही. का आपटत नाही, ते सुज्ञ वाचकांपुढे यथाक्रम मांडावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

मी एका छापखान्यात बाइंडर आहे. शाळेने मला सोडले की मी शाळेला, याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत; परंतु त्यानंतर माझ्या हातांखालून जितकी पुस्तके गेली, तितकी मोठमोठ्या पदवीधरांनी लांबूनही पाहिली नसतील. फरक इतकाच की, पदवीधर पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात आणि मी माझ्या टेबलावर जो फर्मा येईल तेथून वाचतो. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पाने. एका पुस्तकाचे असे पुष्कळ फर्मे होतात आणि ते घडी घालण्यासाठी वेगवेगळ्या टेबलांवर वाटले जातात. त्यामुळे एका राजाचे लग्न कसे झाले हे मला इत्थंभूत ठाऊक आहे, परंतु तो कोठला राजा होता हे ठाऊक नाही. यकृताचे कार्य मला तोंडपाठ आहे. यकृत शरीरात नेमके कोठे असते, ते पलीकडच्या टेबलाला ठाऊक आहे!

तर असाच एके दिवशी स्वयंपाकघरातील आरोग्याविषयीच्या एका जाडजूड पुस्तकाचा फर्मा माझ्या वाट्याला आला. घडी घालता घालता मी वाचू लागलो आणि माझे हात थांबले. लवंग, लसूण, दालचिनी, ओवा, हळद! ज्यांना आपण आजवर केवळ चवीचे सोबती समजत होतो, ते प्रत्यक्षात शरीराचे पहारेकरी निघाले! यांच्यातील द्रव्यांपुढे प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीत रोगजंतूंची वाढ खुंटते, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. त्यातही लवंगेचे तेल म्हणजे पहारेकऱ्यांचा सुभेदार! फर्म्याचे शेवटचे पान ‘परंतु’ या शब्दावर संपले.

‘परंतु’च्या पुढे काय आहे हे पाहण्यासाठी मी दुसऱ्या टेबलावर गेलो नाही. लेखक मंडळींना ‘परंतु’ लिहिण्याची सवयच असते. मीही लिहितो. त्यात एवढे काय!

आता थोडे आमच्या कॅन्टीनविषयी. आमच्या छापखान्याला कॅन्टीन होते. तेथील जुन्या आचाऱ्याने आदल्या दिवशी उरलेला भात आणि कोंबडी ओट्यावरच ठेवली, दुसऱ्या दिवशी ती जरा कोमट केली आणि सर्वांना वाढली. सायंकाळपर्यंत मालकांपासून हमालांपर्यंत सर्व जण एका पातळीवर आले. संपूर्ण छापखान्याला मिळून संडास दोनच आहेत. यापेक्षा अधिक वर्णन सभ्य लेखनात करता येत नाही.

मालकांनी कॅन्टीनला कुलूप ठोकले. तेव्हापासून लोक आपापल्या टेबलावर पाव खात आणि पावाचा चुरा पुस्तकांत शिवला जाई. एका ग्राहकाने आपल्या कवितासंग्रहात मुंगी सापडल्याची तक्रार केली, तेव्हा मालकांनी कॅन्टीन पुन्हा उघडण्याचे मनावर घेतले. त्यांना नवा आचारी हवा होता. मी ही बातमी घरी सहज सांगितली.

“मी करते की!” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

“तू?”

“का? बेकरीत काम करत होते तेव्हा काय दगड भाजत होते?”

ती बेकरी बंद पडल्यापासून सौभाग्यवती घरी होत्या, आणि घरी बसणे त्यांच्या प्रकृतीला मुळीच मानवले नव्हते. कपाटे इतक्या वेळा आवरून झाली होती की, माझा सदरा रोज नव्या ठिकाणी सापडत असे.

“मला माझं काम पाहिजे,” त्या म्हणाल्या. “माझी शेगडी, माझी पातेली, आणि आज काय केलंय म्हणून विचारायला माणसं. तुम्ही एकटे विचारता त्यात कसली मजा? आणि उत्तर ऐकायच्या आत वर्तमानपत्रात डोकं घालता!”

मालकांकडे शब्द टाकायला मी गेलो. मालक म्हणजे भीतीने वाळलेला मनुष्य. त्या प्रसंगापासून ते केळेसुद्धा हुंगून खात.

“हे बघा बाइंडर,” ते म्हणाले, “तुमच्या मंडळींनी एकदा सगळ्यांना जेवण द्यावं. कोणाला काही झालं नाही, तर कॅन्टीन त्यांचं. पण एकाच्याही पोटात गुडगुडलं, तर मी बाहेरून डबे लावणार. कायमचे! मग मला पुन्हा विचारायला यायचं नाही.”

घरी येऊन हे सांगितले, तेव्हा सौभाग्यवतींनी पदर खोचला आणि मी बाह्या सरसावल्या. येथूनच गडबडीला प्रारंभ झाला.

“तुम्ही बाह्या कशाला वर करताय?” त्यांनी विचारले.

“शास्त्र!” मी म्हणालो. “तुझ्या हाताला चव आहे, हे मला मान्य आहे. परंतु जंतूंचे काय? त्यासाठी मसाल्यांची योजना करावी लागेल.”

“माझी योजना झालीय. हात धुवायचे, कच्चं आणि शिजलेलं एकमेकांजवळ ठेवायचं नाही, गरम ते गरम वाढायचं, गार ते फ्रिजमध्ये.”

“एवढेच?” मला त्यांची कीव आली. “हे तर कोणीही करील!”

“मग करत का नाही कोणी?”

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केले आणि प्रयोगांस आरंभ केला. प्रथम फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यात सोललेला लसूण ठेवला. दुसऱ्या दिवशी चहाला लसणाचा वास, फळांना लसणाचा वास, आणि बर्फाचा खडा तोंडात टाकला तर तोही लसणाचा! नंतर दालचिनीच्या पाण्याने ओटा पुसला. मुंग्यांनी त्याचे सहर्ष स्वागत केले. अखेरीस, फ्रिज ही श्रीमंती चैन असून मसाल्यापुढे तिची गरज नाही, हे सिद्ध करण्यासाठी मी दुधात मूठभर लवंगा टाकल्या आणि ते भांडे दिवसभर खिडकीत ठेवले.

सायंकाळी सौभाग्यवतींनी झाकण उघडले आणि भांडे माझ्या नाकाखाली धरले.

“काय झालं?”

“लवंगा जुन्या असतील,” मी म्हणालो.

“लवंगा जुन्या नाहीत. दूध गेलंय! आणि तुमचं डोकं त्याच्याही आधी गेलंय!” त्यांनी भांडे मोरीत रिते केले आणि कमरेवर हात ठेवला. “आता मला वचन द्या. त्या दिवशी अन्नाला हात लावायचा नाही.”

“बरे.”

“मसाल्याला नाही.”

“बरे.”

“पातेल्याला नाही.”

“पातेली उचलून द्यायला तर लागतील!”

“उचला. झाकण उघडायचं नाही. अन्नात काही टाकायचं नाही, शिंपडायचं नाही, बुडवायचं नाही. घ्या शपथ!”

मी शपथ घेतली. वाचकहो, माझे शिक्षण अपुरे असेल, परंतु दिलेला शब्द मी मोडत नाही. शब्द न मोडता शास्त्राची सेवा कशी करावी, या विचारात मी कित्येक रात्री तळमळलो. आणि एके दिवशी पुस्तकाच्या पाठीवर सरस लावत असता मला एकदम प्रकाश दिसला!

चमचे!

अन्न पातेल्यात निर्दोष असेल. परंतु ते तोंडात जाते कशाने? चमच्याने! म्हणजे जंतू आणि मनुष्य यांच्यामधली शेवटची वेस म्हणजे चमचा. त्या वेशीवर सुभेदार उभा केला की झाले! आणि चमच्याविषयी शपथेत एक अक्षरही नव्हते.

मी तडक औषधांच्या दुकानात गेलो आणि लवंगेचे तेल मागितले.

“कुठली दाढ?” दुकानदाराने विचारले.

“दाढ नव्हे. सार्वजनिक आरोग्य!”

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. “एवढीशी बाटली पुरेल ना?”

“मोठी द्या.”

“साहेब, कापसाला एक थेंब लावायचा असतो.”

“लोक पुष्कळ आहेत,” मी म्हणालो. त्याने हळहळत मान हलवली. एकाच घरात इतक्या दाढा दुखत असाव्यात, असा त्याचा समज झाला असावा.

परीक्षेचा दिवस उजाडला. सौभाग्यवती सकाळीच कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात शिरल्या. भाज्यांचे सूप, लवंग-दालचिनी घातलेला भात, कोंबडी आणि शेवटी गार कस्टर्ड, असा बेत होता. मी भाज्यांच्या टोपल्या दाराशी ठेवल्या, तेव्हा त्यांनी उंबऱ्याकडे बोट दाखवले.

“ह्याच्या आत यायचं नाही.”

“मी चमचे पुसून ठेवू का?” मी अत्यंत निरागसपणे विचारले.

त्यांचा चेहरा एकदम निवळला. “पुसा. तेवढी तरी मदत होऊ दे.”

मी सर्व चमचे शेजारच्या कोठीत नेले, दार लावले आणि नवा कोरा सरसाचा ब्रश काढला. येथे व्यवसायाचा अनुभव कामी आला. पाठीवर सरस लावताना हात एकसारखा फिरला पाहिजे; कोठे थर जाड, कोठे पातळ, हे खऱ्या बाइंडरला शोभत नाही. प्रत्येक चमच्यावर मी लवंगेच्या तेलाचा एक हात दिला. पोटाला, पाठीला, कडेला! काय ते चमचे चकाकत होते! सरस थोड्या वेळाने सुकतो, तेल सुकत नाही, एवढी क्षुल्लक गोष्ट मात्र सवयीमुळे माझ्या ध्यानात राहिली नाही. वासाचीही चिंता नव्हती. भातातल्या लवंगांचा घमघमाट सगळीकडे सुटलाच होता.

घंटा झाली आणि मंडळी जमली. मध्यभागी मालक बसले. त्यांच्या उजवीकडे मुद्रिते तपासणारे गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो. चूक सापडल्याखेरीज मास्तरांना घास उतरत नाही. डावीकडे फर्म्यांची जुळणी करणाऱ्या मावशी, ज्यांच्यापुढे मालकही आवाज चढवत नाहीत. दाराच्या चौकटीत सौभाग्यवती पळी हातात धरून उभ्या होत्या. बाहेरून त्या अगदी शांत दिसत होत्या, पण पळी सारखी या हातातून त्या हातात जात होती. ते फक्त मलाच दिसले.

मालकांनी सूप हुंगले. चमचा भरला, डोळे मिटले आणि तोंडात घातला. सर्वांनी श्वास रोखला.

“वा!” मालक म्हणाले.

कॅन्टीनमध्ये एकदम जीव आला. चमचे खणखणू लागले. मावशी म्हणाल्या, “सूनबाई, चव आहे हो हाताला!” मी विजयी मुद्रेने सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांनी चक्क स्मित केले! त्या क्षणी सर्व काही थांबले असते, तर किती बरे झाले असते!

प्रथम मास्तरांनी चमचा खाली ठेवला. त्यांनी ओठांना बोट लावले. मग चिमटा काढला. मग शेजारच्याला म्हणाले, “अहो, माझा ओठ जागेवर आहे का बघा बरं.”

“आहे की.”

“मला तो लागत नाहीये!”

“अय्या,” मावशी म्हणाल्या, “माझी तर जीभ झोपली!”

“माधी पन दीभ दड धाली!” पलीकडून मशीनवाला ओरडला.

मालक पांढरेफटक पडले. त्यांनी स्वतःच्या गालावर चापट मारली, मग दुसऱ्या गालावर मारली, आणि दोन्हींपैकी एकही लागली नाही, असे पाहून उभे राहिले.

“विषबाधा!” ते गरजले. “ह्या वेळी तर मेंदूपासून सुरू झालीय!”

मग जो गोंधळ उडाला त्याचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे! बाके उलथली, पेले सांडले. निम्मे कर्मचारी धावत जाऊन दोन संडासांपुढे रांगेत उभे राहिले. कोणाच्याही पोटात काहीही होत नव्हते; परंतु मागचा अनुभव पाहता जागा धरून ठेवलेली बरी, असा त्यांचा विचार होता.

“शेगड्या बंद करा!” मालक ओरडत होते. “सगळी झाकणं उघडा! खिडक्या लावून घ्या! कोणी काही हलवायचं नाही, काही फेकायचं नाही! हा सगळा पुरावा आहे!”

“झाकणं उघडू नका हो, अन्न गार होईल!” सौभाग्यवती कळवळल्या.

“गार होऊ दे! आम्हीच गार व्हायची वेळ आलीय!”

सौभाग्यवतींनी पळीने सूप घेतले, तळहातावर ओतले आणि सर्वांदेखत चाटले. मग भात चाखला. मग कोंबडी. “बघा! मला काही झालंय का? चांगलं आहे सगळं!”

मालकांनी डोळे बारीक केले. “आम्हाला सगळ्यांना होतंय आणि तुम्हाला होत नाही? हे तर फारच संशयास्पद आहे!”

सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी तरारले. मला ते पाहवेना. माझे स्वतःचे तोंड तर असे बधिर झाले होते की, कोणा दुसऱ्याचेच तोंड आपण वापरत आहोत असे वाटावे. मी विचार करू लागलो. एवढी शास्त्रशुद्ध तयारी असूनही जंतू आत शिरले कसे? आणि वाचकहो, उत्तर मला तत्काळ मिळाले. तेल कमी पडले! एक हात पुरेसा नव्हता. दोन द्यायला हवे होते!

गोंधळ उडताच बाहेर धावलेल्या मावशी अखेर डॉक्टरांना घेऊन आल्या. आमच्या गल्लीतील पोटाचे डॉक्टर दुपारी दवाखाना बंद ठेवतात. उघडा दवाखाना एकच होता, तो दातांचा. दातांच्या डॉक्टरीणबाई एका रोग्याची दाढ पुरती उपटूनच येणार म्हणाल्या, म्हणून मावशींना बराच वेळ तेथे ताटकळावे लागले होते. इकडे तोवर कॅन्टीनमध्ये बंद खिडक्यांआड उकाडा दाटला होता आणि उघडी पातेली तशीच पडून होती.

“पोट दुखतंय?” डॉक्टरीणबाईंनी मालकांना विचारले.

“नाही.”

“मळमळ? उलटी?”

“नाही.”

“ताप? चक्कर?”

“नाही हो!”

“मग नेमकं काय होतंय तुम्हाला?”

“काहीच होत नाहीये!” मालक किंचाळले. “तेच तर सांगतोय! तोंडात काहीच होत नाहीये!”

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. हीच ती घडी, असे जाणून मी पुढे झालो आणि खिशातून बाटली काढून उंच धरली.

“बंधुभगिनींनो, घाबरण्याचे कारण नाही!” मी म्हणालो. “रोगावरील उतारा माझ्याजवळ आहे. सकाळी मी प्रत्येक चमच्याला याचा एक हात दिला होता, परंतु जंतू प्रबळ निघाले. आता प्रत्येकाने थेट जिभेवर घ्यावे! रांगेने या!”

कोणीही रांगेने आले नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातून बाटली घेतली, चिठ्ठी वाचली, एक चमचा उचलून हुंगला आणि त्या मटकन बाकावर बसल्या. खांदे गदगदा हलत होते. मला प्रथम वाटले, त्यांनाही लागण झाली!

“अहो,” त्या कशाबशा म्हणाल्या, “हे आम्ही दाढ बधिर करायला वापरतो! तुम्ही अख्खा छापखाना बधिर केलात!”

“परंतु हे जंतुनाशक आहे,” मी म्हणालो. “तसे छापलेले आहे!”

“असेल! म्हणून ते चमच्याचमच्यानं पोटात घालतात का? अजून थोडं गेलं असतं, तर ह्याचीच विषबाधा झाली असती. उठा, सगळे जण खळखळून चुळा भरा. चमचे गरम पाण्यात साबण घालून धुवा. आणि बाटली मी घेऊन जाते.”

“अहो बाइंडर,” मावशी जड जिभेने म्हणाल्या, “त्या पुस्तकाचा पुढचा फर्मा जुळवताना मी वाचला होता. मला विचारायचंत! मसाल्यानं अन्नाचं रक्षण होईल ह्या भरवशावर राहू नका, असं चांगलं पानभर लिहिलं होतं की!”

मास्तर माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी छापील पानावरची एक मोठी चूक आहे आणि माझ्यावर लाल शाईने फुली मारायची तेवढी राहिली आहे. परंतु मला त्यांची पर्वा नव्हती. मी सौभाग्यवतींकडे पाहिले.

“वचन दिलं होतंत,” त्या हळूच म्हणाल्या.

“अन्नाविषयी दिले होते,” मी म्हणालो. “चमचा हे अन्न नव्हे.”

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पळी ओट्यावर ठेवली. गेली इतकी वर्षे मी त्यांचे रागावणे ऐकत आलो आहे आणि त्यास सरावलो आहे; परंतु हे न बोलणे मला नवीन होते. माझ्या बधिर तोंडाखाली कोठेतरी, छातीच्या आसपास, मला फार लागले.

संडासांपुढील रांग लाजत लाजत परत आली. हळूहळू ओठ जागे झाले, आणि ओठांबरोबर भूकही जागी झाली. मालकांनी गालावर चापट मारून पाहिली. ती लागली, तेव्हा ते हसलेसुद्धा.

“चला! म्हणजे वहिनींचा काही दोष नाही,” ते म्हणाले. “झालं गेलं विसरून जाऊ. बसा सगळे! वहिनी, जरा कोमट करा आणि वाढा. पोटात कावळे ओरडताहेत!”

सगळे बसले. सौभाग्यवती पातेल्यांजवळ गेल्या. त्यांनी सुपात बोट बुडवले, भाताला हात लावला आणि मागे वळल्या.

“नाही वाढणार,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“शेगड्या बंद करून, झाकणं काढून, ह्या उकाड्यात किती वेळ झालाय बघा. भात कोमट, कोंबडी कोमट, कस्टर्ड तर बाहेरच राहिलंय. मी हे कोणाला देणार नाही.”

“अगं!” मी कुजबुजलो. “ही तुझी परीक्षा आहे! थोडे गरम कर आणि वाढ. काही होत नाही.”

“तुम्ही गप्प बसा!” हे मात्र त्या मोठ्याने म्हणाल्या.

“वहिनी, वास तर चांगला येतोय,” मालक अजिजीने म्हणाले. “चव मी आधीच घेतलीय. म्हणजे, पहिल्या घोटापुरती. आता तुम्ही वाढलं नाहीत तर मी कशावरून ठरवू? कॅन्टीन द्यायचं तरी कसं?”

“मागच्या आचाऱ्यानंही वास बघूनच वाढलं असेल ना?”

मालकांचा हात आपोआप पोटावर गेला. कॅन्टीनमधील प्रत्येक मनुष्य आपापल्या पोटाकडे पाहू लागला.

“नका देऊ कॅन्टीन,” सौभाग्यवती म्हणाल्या. “पण हे मी वाढणार नाही.”

आणि त्यांनी ते सूप, तो भात, ती सकाळपासून खपून केलेली कोंबडी, एकामागून एक पातेले उचलले आणि सगळे टाकून दिले. मी मदतीला सरसावलो, तर त्यांनी नुसते उंबऱ्याकडे पाहिले. मी आलो तसा मागे सरलो.

मालक उठून रिकाम्या पातेल्यांजवळ गेले. मग त्यांनी खिशात हात घातला, कॅन्टीनची किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवली.

“उद्यापासून या,” ते म्हणाले. “रोज या. ज्या बाईला स्वतःचा स्वयंपाक टाकून देता येतो, तिच्या हातचं मी डोळे मिटून खाईन.” नंतर माझ्याकडे बोट दाखवून ते पुढे म्हणाले, “मात्र ह्यांना खिडकीतून वाढायचं!”

सर्व जण हसले. सौभाग्यवतीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. मला स्वतःला त्यात विशेष हसण्यासारखे काही आढळले नाही. परंतु किल्ली त्यांच्या मुठीत होती, म्हणून मीही हसलो. त्या दिवशी अखेरीस सगळ्यांनी पुन्हा पावच खाल्ला.

घरी परतताना त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुढेही काही दिवस घरात आमचा संवाद ‘हं’ आणि ‘घ्या’ या दोन शब्दांवर चालू होता. कॅन्टीन सुरू झाले, चांगले चालले, ताट मला खिडकीतून मिळू लागले. तरीही एक गोष्ट माझ्या मनात सलत होती. एका सायंकाळी त्यांची मुद्रा जराशी प्रसन्न पाहून मी विषय काढला.

“एक सांगू का? रागावू नकोस.”

“सांगा.”

“माझ्या पद्धतीत काही दोष होते, हे मला मान्य आहे. परंतु न्यायाने बोलायचे, तर एक गोष्ट तुलाही मान्य करावी लागेल. चमच्यांना मसाल्याचे तेल लावले, त्या दिवशी संपूर्ण छापखान्यात एकाचेही पोट बिघडले नाही!”

त्यांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले आणि माझ्याकडे फार शांतपणे पाहिले.

“बिघडेल कसं? कोणी जेवलंच नाही!”

या युक्तिवादात कोठेतरी खोट असणार, अशी माझी ठाम खात्री आहे. ती सापडेपर्यंत मी या विषयावर मौन पाळले आहे.